राणी रंगाची काच

सिद्धव्वाच्या गळ्यातलं इष्टलिंग विहिरीत पडलं, तेव्हा हळ्ळीखेडातल्या लोकांना वाईट वाटलं ते आधी विहिरीचं. सिद्धव्वाची जीभच तशी होती. सत्तरी ओलांडली, दात गेले, मोतीबिंदू झाला, पण जिभेची धार काही कमी झाली नव्हती.

रोज सकाळी ती मळ्यातल्या विहिरीवर जायची. पायऱ्या उतरून अंघोळ करायची आणि ओल्या लुगड्यातच, डाव्या तळहातावर लिंग ठेवून पूजा करायची. घरचा नळ तिला चालत नसे. नळाच्या पाइपाला कोण कोण हात लावतं कुणास ठाऊक, म्हणायची. उच्चनीच मोडून काढणाऱ्या बसवण्णांचं नाव दिवसातून शंभरदा घ्यायचं आणि पाइपाचा विटाळ मानायचा, हे दोन्ही तिला एकाच तोंडानं जमायचं.

त्या सकाळी पूजा आटोपून लिंग चांदीच्या डबीत ठेवताना जुना शिवदार, म्हणजे डबी गळ्यात बांधायचा तो तांबडा दोरा, तुटला. डबी पायरीवर आपटली, एकदा उसळली आणि पाण्यात गेली. सिद्धव्वा तशीच ओलेती घरी आली, ओसरीवर बसली आणि म्हणाली, "लिंग हातात आल्याबिगर अन्न न्हाई, पाणी न्हाई. थुंका बी गिळायची न्हाई मी."

पूर्वीच्या लोकांची ही रीतच होती. जन्मल्यापासून मरेपर्यंत जे अंगावरून उतरायचं नाही, आणि मेल्यावरही मूठमातीच्या वेळी जे डाव्या तळहातात ठेवूनच माणसाला मातीत बसवायचं, ते हरवलं तर माणूस तोंडात घास घालत नसे. हल्लीची माणसं मठात जाऊन दुसरं बांधून घेतात. गावातले स्वामीही धावत आले. समजावून म्हणाले, "अव्वा, मी दुसरं देतो. देव काय डबीत असतो व्हय?" सिद्धव्वानं त्यांच्याकडे पाठ फिरवली. तिला समजावणारा अजून जन्मायचा होता.

मग सगळे विहिरीकडे पळाले. बादल्या काढायचा गळ टाकून पाहिला, तर नुसता गाळ ढवळला गेला. काशप्पा नावाचा गडी चांगला पोहणारा, त्यानं चार बुड्या मारल्या आणि डोळे लाल करून वर आला. "आत हिरवंगार हाय. सोताचा हात दिसंना," म्हणाला. उपसायचं म्हटलं तर यंदा पावसानं झरे असे फुटले होते की दोन मोटारी रात्रंदिवस लावल्या तरी पायरीभर पाणी उतरलं नसतं. आणि म्हातारीकडे रात्रंदिवस नव्हते.

"माझा कॅमेरा हाय की," प्रशांतकुमार म्हणाला.

प्रशांतकुमार हा सिद्धव्वाचा एकुलता एक मुलगा. हुमनाबादला त्याचा फोटो-व्हिडिओचा स्टुडिओ. लग्नाआधी नवरानवरीला पाण्यात बुडवून त्यांचे केस आणि ओढण्या तरंगताना शूट करायचं खूळ निघालं, तेव्हा त्यानं मुठीत मावेल असा ॲक्शन कॅमेरा आणला होता. सोबत पाण्यात जाणारं प्लास्टिकचं घर आणि त्यावर खटकन बसणाऱ्या रंगीत काचा. पाणी आधी लाल रंग खातं. पाण्याखाली तांबडी साडी काळपट दिसते, कुंकू राखेसारखं दिसतं. तो खाल्लेला रंग परत आणायला ही काच लावायची. पाणी निळं असेल तर लाल काच, हिरवं असेल तर राणी रंगाची. चुकीची लावली तर चित्र नुसतं गढूळ येतं आणि गेलेला रंग जाणत्या डोळ्यानं लॅपटॉपवर शोधून काढावा लागतो.

हे प्रशांतकुमारला माहीत नव्हतं. ते माहीत होतं त्याच्या बायकोला, शैलश्रीला. तो शूटिंग करायचा, गॉगल लावून हुकूम सोडायचा, आणि मागच्या खोलीत बसून रंग नीट करायची शैलश्री. कुठली काच लावायची तेही तो घरातून निघताना तिलाच विचारायचा. चारचौघांत मात्र "माझी नजर" म्हणायचा.

शैलश्री आळंदची. बारावी शिकलेली, हाताची चपळ, अंगानं काळी. या शेवटच्या गोष्टीपुढे पहिल्या दोन्हींची किंमत सासरी शून्य होती. सिद्धव्वा स्वतः गोरीपान, आणि गोरेपणा ही जणू तिनं कमावलेली इस्टेट. सुनेला ती नावानं हाक मारत नसे. "ए काळे," म्हणायची. लग्नाचा अल्बम यायच्या आधी तिनं मुलाला बजावलं होतं, "सुनंचा रंग बदल. पावणे बघतेत." त्यानंही आज्ञाधारकपणे बदलला. तोंड गोरं केलं आणि घाईत हात राहिले. अजूनही बैठकीत तो अल्बम असतो, आणि त्यात एक गोरी नवरी काळ्या हातांनी हार घालते. येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला सिद्धव्वा तो दाखवायची आणि त्या हातांवर बोट ठेवून हसायची. नावडतीचं मीठ अळणी म्हणतात, इथं नावडतीचे हातसुद्धा वेगळे होते.

एवढंच असतं तर शैलश्रीनं गिळलं असतं. पण लग्नानंतर दुसऱ्या वर्षी तिला मुलगी झाली. दवाखान्यातून घरी आणली आणि लेकरू पिवळं दिसायला लागलं. सिद्धव्वाला कोण आनंद! "माझ्यावर गेली बघा. हळदीवानी रंग हाय!" असं तिनं गल्लीभर सांगितलं आणि दृष्ट लागेल म्हणून बाळंतिणीच्या खोलीचं दार लावून घेतलं. शैलश्रीनं लेकराच्या पापण्या वर करून पाहिल्या. डोळेही पिवळे होते.

"अहो, ह्यो रंग बरा न्हाई. डॉक्टरला दाखवू," ती नवऱ्याला म्हणाली.

त्यानं दारातूनच पाहिलं. "ट्यूबलाइटचा रंग हाय त्यो. तुला काय बी दिसतंय."

दोन दिवस तिनं तेच सांगितलं आणि दोन दिवस त्यानं तेच उत्तर दिलं. मग लेकरू दूध ओढेना, मान टाकली. तेव्हा कुठं गाडी काढली. कावीळ डोक्यात गेली, असं डॉक्टर म्हणाले, लवकर आणलं असतं तर निळ्या दिव्याखाली ठेवून बरी झाली असती. मुलगी दवाखान्यातच गेली. घरी परतल्यावर ओसरीवरून सिद्धव्वा म्हणाली, "गोरं लेकरू काळ्या मांडीवर टिकलं न्हाई."

हे वाक्य शैलश्रीच्या काळजात रुतून बसलं होतं. ती त्यानंतरही सासूला रोज भाकरी वाढत होती.

तर दुसऱ्या दिवशी, ऊन माथ्यावर येऊन विहिरीत सरळ उतरल्यावर, सारं गाव काठावर जमलं. प्रशांतकुमारनं लांब बांबूच्या टोकाला कॅमेरा बांधला. काचांची डबी उघडली आणि थबकला. आज घरातून निघताना विचारायचं राहून गेलं होतं. तो बायकोजवळ सरकला आणि ओठ न हलवता म्हणाला, "कुठली लावू?"

शैलश्रीनं खाली पाहिलं. पाणी कोवळ्या हरभऱ्यासारखं हिरवं होतं. विचार करायचं कामच नव्हतं. राणी रंगाची काच डबीत सगळ्यात वर होती, तिनं नुसतं बोट दाखवलं असतं तरी चाललं असतं. पण मागं ओसरीवर निजलेली ती गोरी म्हातारी तिच्या डोळ्यांपुढे आली, आणि तिच्या मांडीवर हळदीसारखं लेकरू.

"लाल," ती म्हणाली.

आपल्या आवाजाचं तिला नवल वाटलं. तो जराही कापला नव्हता.

बांबू तासभर पाण्यात फिरला. पायरीवरून पायरीवर, कपारीतून कपारीत. संध्याकाळी मागच्या खोलीत शैलश्रीनं ते सगळं लॅपटॉपवर पाहिलं. गढूळ, मातकट, जुन्या चहासारखं चित्र. पाण्याखालच्या एका पायरीच्या कोपऱ्यात, जिथं उंबराची मुळं भिंतीतून बाहेर आली होती, तिथं एक काळं मूळ बाकीच्यांपेक्षा सरळ होतं, आणि त्याच्या टोकाला गाळात गोल काहीतरी होतं. दुसऱ्या कुणाला ते दिसलं नसतं. तिला दिसलं. लॅपटॉपवरची रंगाची एक पट्टी सरकवली असती तर तो दोरा तांबडा झाला असता. तिनं पट्टीला हात लावला नाही.

"हाय का काय?" प्रशांतकुमारनं मोबाइलमधून मान न काढता विचारलं.

"मुळ्या हायत उंबराच्या."

त्यानं बाहेर जाऊन स्वामींना, काशप्पाला, साऱ्या गावाला सांगितलं, "पायरी न पायरी बघितली. कॅमेरा खोटं बोलत न्हाई. विहिरीत लिंग न्हाईच." मग गेलं कुठं? कुणीतरी म्हणालं, अव्वाची भक्तीच मोठी, लिंग महालिंगात मिळालं, आता मागोमाग अव्वाबी जाणार. हे बोलणं वणव्यासारखं पसरलं. तिसऱ्या दिवशी सकाळपासून बसवकल्याणच्या वाटेवरच्या गावांतून माणसं येऊ लागली. बाया सिद्धव्वाच्या पायांवर डोकं ठेवत होत्या. कुणी मळ्यात समाधी बांधायची जागा पाहून आलं. प्रशांतकुमारच्या गळ्यात हार पडले. तो आईजवळ उभा राहून मोबाइलवर सगळ्या जगाला दाखवत होता, आणि खरं सांगायचं तर इतका मान त्या गड्याला जन्मात मिळाला नव्हता. आई जिवंत होती, पण त्याच्या बोलण्यात ती केव्हाच होऊन गेलेली होती.

दहाच्या सुमाराला सिद्धव्वानं सगळ्यांना बाहेर काढलं. "शैलाला बोलवा," म्हणाली. ही शैला कोण, ते शेजारच्या गंगव्वाला क्षणभर कळलं नाही. शैलश्रीलाही कळलं नाही.

म्हातारीचे ओठ सुकून फाटले होते. ती चाचपडत बोलली. "तू बघितलीस त्यो व्हिडिओ? नीट बघितलीस?"

"व्हय, अत्ते."

"न्हाई तिथं?"

शैलश्रीनं तिच्या पायांवरचं पांघरूण सारखं केलं.

"तू न्हाई म्हणलीस तर न्हाई. तुझी नजर खरी हाय." सिद्धव्वानं तिचा हात धरला, तोच काळा हात. "लेकराच्या वक्ताला बी तूच म्हणलीस, डोळं पिवळं हायत म्हणून. मला ऐकू आलं हुतं गं. मीच दार लावून बसले. मला गोरी नात पायजे हुती." ती दमली, थांबली. "म्हणून लिंग मला सोडून गेलं. आता दुसरं बांधू कुठल्या तोंडानं?"

इतकी वर्षं या एका वाक्याची तिनं वाट पाहिली होती. आपल्याला कधी हे ऐकायला मिळेल असं वाटलं नव्हतं, आणि मिळालं तर इतकं रडू येईल असं तर मुळीच वाटलं नव्हतं. ती त्या हाडकुळ्या हातावर डोकं ठेवून रडली. मग उठली आणि धावत मागच्या खोलीत गेली.

लॅपटॉप उघडून तिनं ती जागा काढली. रंगाची पट्टी हिरव्याकडून राणीकडे सरकवली, उजेड वाढवला. चित्रातली मुळं तपकिरी झाली, आणि त्यातलं एक सरळ मूळ तांबडं झालं. टोकाला चांदीची कड चमकली. तिनं नवऱ्याला हाताला धरून आत ओढून आणलं.

"बघा. शिवदार हाय. तिसऱ्या बुडालेल्या पायरीवर, उंबराच्या कोपऱ्यात. रंग नीट केला की दिसायलंय. काशप्पाला बोलवा, आत्ता!"

प्रशांतकुमार वाकला. त्यानं पाहिलं, चांगलं निरखून पाहिलं. बाहेर त्याच्या नावानं कुणीतरी हाक मारत होतं. त्याच्या गळ्यातला झेंडूचा हार लॅपटॉपवर लोंबत होता. मग तो सरळ झाला.

"ट्यूबलाइटचा उजेड पडलाय स्क्रीनवर," तो म्हणाला. "तुला काय बी दिसतंय."

शैलश्री त्याच्या तोंडाकडे पाहत राहिली. हे वाक्य आपण आधीही बोललो आहोत, हे त्याच्या गावीही नव्हतं. त्यानं स्वतःच्या बोटानं ती फाइल पुसून टाकली, कॅमेऱ्यातलं कार्ड काढून खिशात घातलं आणि हार सारखा करत बाहेर गेला.

तिनं मग कुणालाच काही विचारलं नाही. गोठ्याच्या भिंतीवरचा गळ काढला आणि मागच्या दारानं मळ्याकडे पळत सुटली. गाव सगळं ओसरीपुढे होतं, विहिरीवर चिटपाखरूही नव्हतं. लोकांनी उगीच सगळी विहीर ढवळली होती, तिला एकच कोपरा पाहिजे होता. पाण्याच्या कडेच्या पायरीवर पालथी पडून तिनं उंबराच्या बाजूनं गळ सोडला. दोनदा मुळांत अडकला. तिसऱ्यांदा हलकाच वर आला आणि आकड्यात तांबडा दोरा होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा, आणि तो वळसा तिनंच घालायला लावला होता. ओल्या मुठीत डबी धरून ती धावली. वाटेत दोनदा पडली.

सिद्धव्वाचे डोळे मिटलेले होते, पण श्वास चालू होता. शैलश्रीनं गर्दी सारली आणि डबी तिच्या डाव्या तळहातावर ठेवली. म्हातारीची बोटं हळूच मिटली, झाकणावरचा जुना पोचा त्यांना सापडला आणि तिनं डोळे उघडले. स्वामींनी लिंगाला पाणी घालून ते तीर्थ तिच्या तोंडात सोडलं. मग चमचाभर दूध. मग वाटीभर. "शरणु, शरणु!" म्हणत बाया रडायला लागल्या. शैलश्री दाराला टेकून तेवढंच रडत होती.

सगळं तिथंच थांबलं असतं तर बरं झालं असतं. पण गंगव्वानं विचारलं, "घावलं कुठं गं?"

"विहिरीत. पायरीवर."

माणसं एकमेकांकडे पाहू लागली. मग सगळ्यांनी प्रशांतकुमारकडे पाहिलं. पायरी न पायरी बघितली, असं तोच म्हणाला होता. कॅमेरा खोटं बोलत नाही, असंही तोच म्हणाला होता. त्यानं गळ्यातला हार काढून खाटेवर ठेवला. आता हार गेला होता, निदान नाक तरी वाचवायला हवं होतं.

"विहिरीत नव्हतं," तो म्हणाला. "मी बघितलोय की."

"मग हिच्याकडं आलं कुठून?"

त्यानं नुसतं शैलश्रीकडे पाहिलं. बोलायची गरजच नव्हती. गर्दीतून कुणीतरी ते पूर्ण केलं, "लपवून ठिवली असंल. सासू मराया लागली म्हणून भ्याली आन् काढली." हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

"व्हिडिओत होतं! मी ह्यांना दाखवले!" शैलश्री ओरडली.

"दाखव की मग," प्रशांतकुमार शांतपणे म्हणाला.

ती सिद्धव्वाकडे वळली. "अत्ते, तुम्ही सांगा. सकाळी तुम्हीच म्हणालात, माझी नजर खरी हाय. लेकराचं..."

पोटात दूध गेलं होतं. म्हातारीच्या गालांवर रंग परत येत होता, आणि रंगाबरोबर जीभही. शिवदाराला नवी गाठ मारून तिनं डबी गळ्यात घातली. "उपाशी माणूस काय बी बडबडतंय," ती म्हणाली. आवाज खोल होता, पण दारापर्यंत पोचला. "ह्या काळीनं माझा देव चोरला. पोरगी बी हिनंच खाल्ली. मीच बाकी हुते."

शैलश्रीच्या ओठांवर खरं आलं होतं. पण अर्धं खरं सांगता येत नव्हतं. काच कुणी निवडली, ते सांगितल्याशिवाय डबी कुठं होती ते कुणाला पटणार नव्हतं. आणि ते सांगितलं असतं तर आत्ता खोटेपणानं जे म्हणत होते, ते खरंच ठरलं असतं. तिनं तोंड मिटलं. तिचं गप्प बसणं लोकांनी कबुली धरलं, आणि खरं तर ते तेवढेसे चुकलेही नाहीत.

दुसऱ्या दिवशी प्रशांतकुमार तिला मोटारसायकलवरून हुमनाबादच्या स्टँडवर घेऊन गेला. तिच्या मांडीवर कपड्यांची पिशवी होती, त्याच्या पाठीवर कॅमेऱ्याची. तिथूनच पुढं त्याला कारंजाच्या धरणावर एका जोडप्याचं शूटिंग होतं. आळंदकडे जाणारी गाडी लागली. ती पायरीवर चढली, तेव्हा तो खाली उभा राहून घुटमळला. तिला वाटलं, आता तरी काहीतरी म्हणेल. लेकराबद्दल, आईबद्दल, पुसलेल्या फाइलबद्दल.

त्यानं पिशवीतून काचांची डबी काढली आणि आजूबाजूला कुणी ऐकत नाही ना, ते पाहिलं.

"कारंजाचं पाणी हिरवं हाय गं," तो म्हणाला. "कुठली लावू?"

"लाल," शैलश्री म्हणाली आणि आत जाऊन बसली.